फुकट राबायला कोण जातं गे?

परवा मावसबहिणीचा मेसेज आला. खानापूरला असते, यंदा पीयूसी सेकंड इयर, म्हणजे बारावी झाली, नर्सिंगला जायचं म्हणते. मेसेज असा होता, "ताई तू ते वृद्धाश्रमात जायचीस न्हवे आधी, मला पण कुठंतरी लावून दे, सर्टिफिकेट मिळतं ना?" मी नर्स, हॉस्पिटलात नाइटला होते, पहाटेचे तीन वाजले होते, आणि ते सर्टिफिकेट वाचून मला एकटीलाच हसू आलं, कारण माझं सर्टिफिकेट कुठाय ते मला आज विचारलं तर सांगता येणार नाही. आईनं रेशनकार्डाच्या फायलीत घातलं असणार, तिच्या मते घरातला कुठलाही शिक्क्याचा कागद त्याच फायलीत जातो. मावसबहिणीला रिप्लाय टाइप करायला घेतला आणि तो एवढा वाढत गेला की म्हटलं हे इथंच लिहून टाकावं, अजून कोणाच्या तरी मावसबहिणीला उपयोगी पडेल.

आधी माझं सांगते. आम्ही बेळगावात वडगावचे, घरी दोन पॉवरलूम, म्हणजे लहानपणापासून झोप लागायची ती मागाच्या आवाजात आणि वीज गेली की जाग यायची. एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग पीयूसी सायन्स एकदम इंग्लिशमधनं, तिथं पहिले सहा महिने फिजिक्सच्या सरांचं फक्त तोंड हललेलं दिसायचं. २०१९ ला नीट, ती डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा, दिली आणि आपटले. मार्क सांगत नाही. घरात रोज कोण ना कोण यायचं, चहा प्यायचं आणि "मग पुढं काय?" विचारून जायचं. तेव्हा आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी सांगितलं की अमुक ठिकाणी वृद्धाश्रम आहे, तिथं हाताखाली माणूस पाहिजे, पगार नाही पण जेवण आहे. मी हो म्हटलं. सेवाभाव वगैरे काही नव्हता, खरं सांगायचं तर त्या चहावाल्या पाहुण्यांपासून सुटका पाहिजे होती. आत्या म्हणाली, "फुकट राबायला कोण जातं गे? त्यापरीस कुंद्याच्या दुकानात बस, महिन्याला काहीतरी हातात येईल, वर डबा पण भरून आणशील." मी म्हटलं, "मी जातो, बघतो आठ दिवस." (आमच्याकडं मुली पण जातो-येतोच म्हणतात, इथं लिहिताना शाळेतल्या बाई आठवतात म्हणून गेले-आले लिहितेय.)

पहिल्या दिवशी मला वाटलं बीपी बघायला शिकवतील, इंजेक्शन कसं देतात ते दाखवतील. हातात नेलकटर दिला. बारा-तेरा म्हाताऱ्या माणसांची नखं. तुम्ही कधी ऐंशी वर्षांच्या माणसाची पायाची नखं बघितलीत काय? शिंपल्यासारखी जाड, पिवळी, आत वळलेली, नेलकटरच्या तोंडात बसतच नाहीत. तिथल्या आया मावशी, वयानं पन्नाशीच्या, शिक्षण चौथी, त्यांनी आधी बादलीत कोमट पाणी आणलं, पाय दहा मिनिटं बुडवून ठेवायला लावले, मग म्हणाल्या आता कर, सरळ रेषेत काप, कोपऱ्यात घुसू नकोस. आणि दोन जणांचे पाय वेगळे काढले, हे शुगरवाले आहेत, ह्यांच्या पायाला तू हात लावायचा नाहीस, जरा कापलं तर जखम भरायला महिना लागतो. हे मला पुढं कॉलेजात डायबेटिक फूट म्हणून इंग्लिशमधनं शिकवलं, तेव्हा बाकीच्या पोरी लिहून घेत होत्या आणि मला ते दोन पाय दिसत होते.

वासाचं पण सांगायला पाहिजे, कारण हे कोणी सांगत नाही. फिनेल, लघवी, खोबरेल तेल आणि अमृतांजन, हे सगळं मिळून एक वास असतो. तिसऱ्या दिवशी मी मागच्या मोरीत जाऊन ओकले. मावशींनी बघितलं, काही बोलल्या नाहीत, एक लिंबू कापून हातात दिलं. आठ दिवसांनी वास कळायचा बंद झाला. माझ्याबरोबर अजून दोघी यायच्या, एकीला तो वास काही केल्या सुटला नाही, ती तीन आठवड्यांनी थांबली आणि बीकॉमला गेली, आज एका सोसायटीत नोकरीला आहे आणि मजेत आहे. तीन आठवड्यांत कळलं ते, तीन वर्षं फी भरून कळण्यापेक्षा बरं. तिला कोण नावं ठेवली की मला राग येतो. तिनं काही सोडलं नाही, तिनं बघितलं आणि ठरवलं.

आता माझी चूक सांगते. एक आजोबा होते, निपाणीकडचे, आयुष्यभर तंबाखूच्या वखारीत हिशोब लिहिलेले, अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेली. त्यांना पेज भरवायचं काम माझ्याकडं आलं. ते खाटेवर जवळजवळ आडवेच होते, मी एक उशी घातली मानेखाली आणि चमचे सुरू केले. ते पटापट गिळत होते असं मला वाटत होतं आणि मी मनात खूश, बघा किती लवकर संपवतेय. वाटी अर्धी झाली असेल, एकदम ठसका लागला. साधा ठसका नव्हे. डोळे मोठे झाले, तोंड काळं-निळं व्हायला लागलं, आवाजच निघेना, आणि मी वाटी हातात धरून उभी. ओरडले पण नाही. मावशी कुठनं आल्या माहीत नाही, त्यांनी आजोबांना उठवून पुढं वाकवलं, खांद्यांच्या मध्ये तळहातानं चार-पाच दणके दिले, पेज बाहेर आली, मग श्वास आला. सगळं मिळून अर्धा मिनिट. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "त्यांना भरवत होतीस की पोतं भरत होतीस?"

त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी जाणारच नव्हते, पण गेले, आणि मावशींनी परत तीच वाटी हातात दिली, बाजूला स्टूल घेऊन बसल्या. आधी माणूस ताठ बसव, पाठीमागं उशा लाव. तू उभी राहून भरवू नकोस, तू पण बस, तू उभी असलीस की ते वर बघतात आणि मान मागं जाते, हनुवटी जरा खाली पाहिजे. चमचा अर्धाच. ज्या बाजूला जीव आहे त्या गालात घाल. मग गळ्याकडं बघ, घाटी वर जाऊन खाली आली काय, आली तर पुढचा चमचा, नाही तर थांब. मधनंमधनं तोंड उघडायला सांगून मेलेल्या बाजूच्या गालात साठलंय काय बघ. आणि झाल्यावर अर्धा तास तसंच बसवून ठेव, लगेच आडवं करू नकोस. एक वाटी पेज, पाऊण तास. मला आजपर्यंत कुठल्या लेक्चरनं एवढं शिकवलेलं नाही. सेकंड इयरला मॅडमनी अ‍ॅस्पिरेशन फळ्यावर लिहिलं, म्हणजे अन्न श्वासनळीत जाणं, त्यातनं न्यूमोनिया होतो, माणूस जातो. माझ्या हातनं जाणार होता एक.

मावसबहिणीला पहिलं सांगायचं होतं ते हेच. जिथं तुझ्या कामावर कोणाचं तरी लक्ष आहे तिथं जा. मोठं हॉस्पिटल की छोटी संस्था हे नंतर. मागं कोण तरी आया मावशी नसतील तर जाऊ नको, कारण तुझ्या चुकीची किंमत दुसरंच कोणीतरी देतं.

मग ऑगस्ट आला. २०१९ चा ऑगस्ट बेळगाव जिल्ह्यात कोण विसरणार. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्याच एकदम, चिकोडी-रायबाग-अथणी-गोकाककडची गावं पाण्यात, आमच्याकडं बळ्ळारी नाल्याचं पाणी शेतात पसरलेलं, घरात कोणाचा माग भिजला, कोणाचं सूत. शाळांमधनं निवारा केंद्रं केली होती, मी पण गेले मैत्रिणींबरोबर. तिथं पहिल्या दिवशी स्वयंसेवक एवढे आणि काम ठरवून देणारं कोणीच नाही. सगळ्यांना ब्लँकेट वाटायचं होतं. फोटो त्याचाच येतो. एक मुलगा होता, नाव पण विचारलं नाही कोणी, तो सकाळपासून शाळेचे संडास धूत होता, दर दोन तासांनी परत. दीडशे-दोनशे माणसं एका शाळेत असली की आजार ब्लँकेटनं थांबत नाहीत, संडास आणि पाण्यानं थांबतात, हे त्याला कोणी सांगितलं होतं की आपसूक कळलं होतं कोण जाणे.

मला तिथं ओआरएसचं, म्हणजे जुलाबात द्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्याचं काम मिळालं. पाकीट वाटायचं एवढंच, असं मला सांगितलं होतं. दुपारी बघते तर एक बाई पोराला ग्लासात पाकीट फोडून, वर दोन घोट पाणी घालून, पाजतेय. घट्ट असलं की जास्त ताकद येते असं तिला वाटलेलं, आपण पण आमटीबद्दल असंच समजतो. ते पाकीट एक लिटर पाण्याला असतं, अख्खं पाकीट, अख्खं लिटर, कमी पाण्यात केलं तर मिठाचं प्रमाण वाढतं आणि लहान पोराला उलट त्रास. मग मी पाकीट वाटायचं सोडलं, पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली घेतली आणि प्रत्येकीसमोर कालवून दाखवायला लागले. तिकडनं आलेल्या बऱ्याच बायका कन्नड बोलणाऱ्या, माझं कन्नड तेव्हा शाळेतलं, म्हणजे 'ओंदु, एरडु, मूरु' आणि मार्कांपुरतं. ‘ओंदु बाटली नीरु, ओंदु पाकीट’ असं करत निभावलं. संध्याकाळपर्यंत एका अज्जीनं माझं कन्नड सुधारायचं मनावर घेतलं होतं.

आणि इथं मला एक विषय काढायलाच पाहिजे, आमच्याकडच्या पोरींना तो चुकत नाही. भाषा. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, २००४ पासून सुप्रीम कोर्टात सीमेची केस आहे, त्याच्यावर बोलायला गल्लोगल्ली लोक आहेत, मी बोलत नाही. पण वॉर्डात काय होतं ते सांगते. बेळगावच्या मोठ्या हॉस्पिटलात एका सकाळी खानापूरच्या जंगलाकडचा मराठी माणूस येतो, बैलहोंगल-सौंदत्तीचा कन्नड येतो, चंदगडचा सीमेपलीकडनं येतो, कॅम्पातले उर्दू-दखनी बोलणारे येतात, गोव्यातनं कोकणीवाले पण येतात. डॉक्टर कधी म्हैसूरकडचा, कधी केरळचा, कधी उत्तरेतला. फॉर्म कन्नडमध्ये नाहीतर इंग्लिशमध्ये. आता त्या मराठी आजीनं काय करायचं? ती गप्प बसते आणि कोणी काही विचारलं की मान हलवते. मान हलवली म्हणजे हो, म्हणजे समजलं, असं लिहिलं जातं.

ऑक्टोबरपासून मी अशाच एका हॉस्पिटलात मदत कक्षात बसायला लागले, आठवड्यातनं चार दिवस सकाळी. काम म्हणजे ओपीडी कुठं, एक्स-रे कुठं, बीपीएल कार्डाची झेरॉक्स कुठं, आणि लागलं तर भाषा. मला वाटायचं माझं कन्नड आता झकास झालंय. एक दिवस कणकुंबीकडची, जिथं मलप्रभा उगम पावते तिकडची, एक बाई आली, साठीची, लुगडं, कपाळाला गोंदण, लेक बरोबर होता पण तो बिल भरायच्या लाइनीत अडकलेला. डॉक्टर तरुण, दक्षिणेकडचा, त्याला मराठीचा एक शब्द येत नाही. मला बोलावलं. बाई म्हणाली, "जीव घाबरा होतोय सकाळपासनं." मी म्हटलं, अंजिकी आगतैत्री, म्हणजे भीती वाटतेय. डॉक्टर हसला, चांगला माणूस होता, म्हणाला सांगा त्यांना घाबरू नका, हॉस्पिटल बघून होतं असं, बसू दे त्यांना बाहेर. मी तिला बाहेर बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं, "घाबरू नका आजी" म्हटलं. ती माझ्याकडं अशी बघायला लागली की मी काय बोलतेय तेच तिला कळत नव्हतं.

तिथनं एक सिस्टर चालल्या होत्या, टिळकवाडीच्या, जुन्या. त्यांनी आजीचं तोंड बघितलं, कपाळ घामानं डबडबलेलं, आणि थांबल्या. "काय होतंय आजी?" "जीव घाबरा होतोय, छातीत दाटल्यासारखं." सिस्टरनी मला काही विचारलं नाही, व्हीलचेअर ओढली आणि आत नेलं, ईसीजी काढला. ईसीजीत बदल होते. आजी कार्डिॲकला अ‍ॅडमिट झाली, चार-पाच दिवसांनी चालत घरी गेली, जाताना मला खोबऱ्याची वडी देऊन गेली, तिला माझी चूक कधी कळलीच नाही.

पण मला कळली. जीव घाबरा होणं म्हणजे भीती नव्हे हे मला माहीत नव्हतं काय? माझी आजी पण तसंच म्हणायची. मी शब्दाला शब्द ठेवला आणि माणसाकडं बघितलंच नाही. सिस्टर नंतर मला कँटीनला घेऊन गेल्या, चहा पाजला आणि म्हणाल्या, भाषांतर करायला बसलीस की अर्थ सांगायचा नाही, तिनं जे म्हटलं ते अख्खं सांगायचं आणि आपल्याला खात्री नसेल तर तेही सांगायचं. "डॉक्टर, ह्या शब्दाचे दोन अर्थ होतात" असं म्हणायला काय बिघडतं? आणि परत विचार. कुठं होतंय, कसं होतंय, बोट ठेवून दाखव. मी एक छोटी वही केली तेव्हापासनं. धाप, दम, कळ, उसण, पेटके, मुंग्या, भोवळ, फेफरं, अंग मोडून येणं, पोटात गोळा उठणं, जीव घाबरणं. त्याच्यापुढं कन्नडमधलं त्या बायकांनी सांगितलेलं. कळ आणि ठणका ह्याच्यात फरक आहे, डॉक्टरला तो फरक पाहिजे असतो. ती वही आजपण माझ्या लॉकरमध्ये आहे, फाटलीय, नवीन पोरी झेरॉक्स काढून घेतात. सर्टिफिकेटपेक्षा ती महत्त्वाची. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाउन लागला आणि आमचा मदत कक्ष बंद झाला, पण वहीत तोपर्यंत दीडशेच्या वर शब्द झाले होते.

आता जरा कोरडं. व्हॉलंटियरिंगनं अ‍ॅडमिशन मिळतं काय? आपल्याकडं नर्सिंग कॉलेज मार्क बघतं, तुम्ही किती नखं कापलीत ते कोण विचारत नाही. जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा तीन वर्षं, बीएससी नर्सिंग चार, दोन्हीला आत गेल्यावर सगळे सारखेच. पण बाहेर वेगळं असतं. माझ्याबरोबरची एक जर्मनीला गेलीय, तिकडं एफएसजे म्हणून प्रकार आहे, स्वयंसेवेचं सामाजिक वर्ष, सत्तावीस वर्षांच्या आतल्या पोरापोरींना सहा ते अठरा महिने, बहुतेक वेळा एक वर्ष, वृद्धाश्रमात नाहीतर हॉस्पिटलात नाहीतर बालवाडीत काम, थोडा हातखर्च मिळतो. कितीतरी जण ते करूनच ठरवतात की तीन वर्षांचं नर्सिंगचं शिक्षण घ्यायचं की नाही. मला ते ऐकून फार हेवा वाटला, म्हणजे जर्मनीचा नव्हे, त्या एका वर्षाचा. आमच्याकडं असं एक वर्ष घेतलं की त्याला गॅप पडला म्हणतात आणि मग लग्नाच्या वेळी त्याचा खुलासा द्यावा लागतो.

कॉलेजात एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना असेल तर घे, १९६९ पासून चालू आहे, दोन वर्षांत २४० तास आणि एक सात दिवसांचा कॅम्प. नुसतं अंगण झाडून आणि रॅली काढून ते तास भरतात हे मला पण माहीत आहे. पण प्रोग्रॅम ऑफिसर बरा असला तर त्याला जाऊन सांग, सर मला प्राथमिक आरोग्य केंद्रात नाहीतर रक्तदान शिबिरात लावा. रक्तदान शिबिर तर फारच चांगली जागा. तिथं माणसाशी बोलत राहायचं असतं, त्याचं लक्ष सुईवरनं काढायचं असतं, आणि उठताना कोण पांढरा पडतोय त्यावर नजर ठेवायची असते. सगळ्यात दांडगा गडी पहिला पडतो, हे लिहून घे.

काय करायचं नाही ते पण सांगते, कारण उत्साहात मी पण केलंय. सुई, सलाईन, कॅथेटर, गोळ्या, ह्याला हात लावायचा नाही, कोणी कितीही घाईत "जरा ते सलाईन काढ गे" म्हटलं तरी. सिस्टर, मला शिकवलेलं नाही, असं म्हणायचं. वाईट वाटत नाही कोणाला, वाटलं तर वाटू दे. जायच्या आधी हिपॅटायटिस बीची लस घे, तीन डोस असतात, पहिला, मग महिन्यानं, मग सहाव्या महिन्याला. कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग पहिल्याच दिवशी पाठ कर, पिवळ्यात रक्तानं भरलेला कापूस-बँडेज, लालमध्ये नळ्या आणि ग्लोव्हज, पांढऱ्या डब्यात सुया, निळ्यात काच. कोणी चुकून पिवळ्या पिशवीत सुई टाकली की ती सफाईवाल्या बाईच्या हातात घुसते, आणि तिला कोणी डोस दिलेला असतोच असं नाही. आणि मोबाईल खिशात. पेशंटबरोबर स्टेटस टाकायचं नाही, त्यानं हो म्हटलं तरी नाही.

केळी वाटपावर मला एक वेगळा लेख लिहायचाय. कोणाचा वाढदिवस असला की केळी, बिस्किटं, सहा जण एक केळं धरून फोटो, दुसऱ्या दिवशी पेपरात. शुगरच्या पेशंटला केळी, तोंडातनं काही घ्यायचं नाही असा बोर्ड लावलेल्याला बिस्किटं. एकदा ऑपरेशनला जाणाऱ्या एका काकांच्या हातात केळं दिलेलं मी हिसकावून घेतलंय, नेतेमंडळींसमोर. फोटोत माझं अर्धं डोकं आलंय.

अजून एक, ह्याच्यात राग आहे, असू दे. माझी एक मैत्रीण, तिला एका खासगी नर्सिंग होमनं एक्स्पीरियन्ससाठी म्हणून ठेवून घेतलं, व्हॉलंटियर म्हणून. बारा तासांची ड्युटी, त्यात नाइट, सहा महिने, पगार शून्य, आणि पगारी माणूस कमी केला होता तिच्या जागी. हे व्हॉलंटियरिंग नव्हे. आत्याचं वाक्य तिथं बरोबर लागू पडतं. मी मावसबहिणीला एक साधा हिशोब सांगितला, तू उद्या गेली नाहीस तर वॉर्ड अडतो काय? अडत असेल तर ती नोकरी आहे, पगार माग. अडत नसेल, पण तू गेलीस तर एखाद्या आजीची वेणी घालून होते, कोणाचं पत्र वाचून होतं, कोणाची पेज पाऊण तास शांतपणे भरवून होते, तर ते आपलं काम.

हे सगळं चांगलंच होतं असं पण नाही. कॉलेजला गेल्यावर मला शिकण्यापेक्षा विसरायला जास्त वेळ लागला. पेशंटला काखेत हात घालून उचलायचं, हे मी वृद्धाश्रमात रोज करायचे, सगळेच करायचे. लॅबमध्ये मॅडमनी बघितलं आणि ओरडल्या, त्यानं पेशंटचा खांदा निखळतो आणि तुझी कंबर जाते. चादरीनं सरकवायचं, दोघींनी मिळून, गुडघे वाकवून. माझी कंबर आधीच थोडी गेलीय, पावसाळ्यात सांगते ती. आणि एक गर्व पण असतो, मला सगळं येतं असा, तो सीनियर सिस्टर पहिल्या महिन्यात काढतात. मी पण आता काढते.

पण पहिल्या क्लिनिकलला, म्हणजे वॉर्डातल्या शिकण्याला, आमच्या बॅचमधल्या तीन पोरी बेडसोअरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्यानं होते ती जखम बघून खाली बसल्या, एक तर पडलीच, आणि मी उभी होते. शूर म्हणून नव्हे. दर दोन तासांनी कूस बदलायचा कागद वृद्धाश्रमाच्या भिंतीवर लावलेला असायचा, कन्नडमध्ये, मी त्याच्यावर टिक करायचे, आणि जिथं टिक चुकली तिथं चार दिवसांनी काय होतं ते मी बघितलेलं होतं. त्यामुळं मला ती जखम बघून चक्कर नाही आली, प्रश्न पडला, की कुठली टिक चुकली.

तर मावसबहिणीला मी सांगितलंय, बेळगावला यायचं काही कारण नाही रोज बस धरून. तुमच्या गावच्या आशा ताई आहेत, त्यांच्याबरोबर आठ दिवस फीर. घरोघर जातात, बाळंतिणीचं बघतात, टीबीच्या पेशंटनं गोळी घेतली काय बघतात, मास्क लावून जा. त्यांची पिशवी धर, काही बोलू नको, बघ. मग ठरव. नखं काप, बांगड्या काढ, पुढनं बंद असलेली चप्पल घाल, केसांना पिन लाव. आणि कन्नड शीक. मराठी आपलीच आहे, ती कुठं जात नाही, पण सौंदत्तीच्या अज्जीला आपण काय विचारतोय ते तिला तिच्या भाषेत कळलं पाहिजे, जसं कणकुंबीच्या आजीचं कळायला पाहिजे होतं.

तिचा लगेच रिप्लाय, "मला कन्नड बोलायला नाही येत ताई, वाचायला येतं फक्त." मग मी ड्युटी संपल्यावर बसस्टॉपवर उभी राहून तिला व्हॉइस नोट पाठवली, पाचच वाक्यं. एल्ली नोवु, कुठं दुखतंय. नीरु बेकेन्री, पाणी पाहिजे का. कुंद्री, बसा. निधान, सावकाश. आणि सगळ्यात पहिलं, ज्यानं कुठलीही अज्जी बोलायला लागते ते, ऊट आयतेन्री, जेवण झालं काय.

दहा मिनिटांनी तिची व्हॉइस नोट आली. पाचही वाक्यं म्हणून दाखवली होती, शाळेत कविता म्हणतात तशी, आणि शेवटचं ऊट आयतेन्री म्हटल्याबरोबर मागनं तिच्या आजीचा आवाज, "झालं गे केव्हाच, तू गिळलीस काय?"